जिरौत दे बोर्नेलने गानशाळा काढली असती तर?

अनवट (धागालेखक)

त्रुबादूर म्हटले की खांद्याला वाद्य अडकवून गढीच्या खिडकीखाली गाणारा प्रेमवीर डोळ्यांसमोर येतो, आणि अशा माणसाचा वर्ग, विद्यार्थी, वेळापत्रक यांच्याशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. ही प्रतिमा बरीचशी 19व्या शतकातल्या रोमँटिक चित्रांनी आणि ऑपेरांनी रुजवलेली आहे. प्रत्यक्षात 12व्या आणि 13व्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत पदे रचून त्यांना चाली लावणारे सुमारे साडेचारशे कवी नावानिशी ज्ञात आहेत. त्यांत अक्विटेनचा ड्यूक नववा गिलेम (1071–1126) याच्यासारखे सत्ताधीश होते, आणि व्हेन्तादोर्नच्या गढीतली भट्टी पेटवणाऱ्या नोकराचा मुलगा म्हणून ज्याची ओळख सांगितली जाते तो बर्नार्तही होता. यांच्यापैकी कोणी संगीताची शाळा काढली असती तर ती कोणी, आणि तेथे काय शिकवले गेले असते, यावर येथे चर्चा व्हावी असे वाटते.

माझे मत जिरौत दे बोर्नेलच्या पारड्यात आहे. त्याचा काव्यकाळ ढोबळमानाने 1160 ते 1200 असा धरला जातो. 13व्या शतकात त्रुबादूरांची जी छोटी गद्य चरित्रे लिहिली गेली आणि ज्यांना ‘व्हिदा’ म्हणतात, त्यांतील याच्यावरचे टिपण काही ओळींचेच आहे, पण त्यात एक संपूर्ण दिनक्रम सापडतो. तो लिमूझँ प्रांतातील एक्सिदॉय भागातला, हलक्या कुळात जन्मलेला, परंतु अक्षरविद्येत निपुण आणि उपजत शहाणपण असलेला होता; त्याला त्रुबादूरांचा गुरू म्हणत आणि टिपण लिहिले गेले तेव्हाही म्हणत होते; तो सारा हिवाळा शाळेत घालवी आणि सारा उन्हाळा दरबारांमागून दरबार फिरे, तेव्हा त्याची पदे गाणारे दोन गायक त्याच्यासोबत असत; त्याने कधी लग्न केले नाही, आणि जे मिळाले ते गरीब नातेवाइकांना आणि जन्मगावच्या चर्चला दिले. हिवाळ्यात अध्यापन, उन्हाळ्यात सादरीकरण, सोबत दोन शिष्य म्हणता येतील असे गायक, आणि उत्पन्नाची विल्हेवाटही ठरलेली. संस्थेच्या घटनेत याहून अधिक काय लागते?

पण मला तो संस्थापक म्हणून योग्य वाटतो त्याचे खरे कारण वेगळे आहे. गाणे कोणासाठी असते, याविषयी त्याने पदांतून उघड भूमिका घेतलेली आहे. एका पदात तो म्हणतो की मला हे अधिक गूढ करता आले असते, पण ज्यात सगळे वाटेकरी नाहीत त्या गाण्याला पुरते मोल नसते. आपली चाल कोणी घोगऱ्या तर कोणी स्वच्छ आवाजात चढाओढीने म्हणत आहे आणि ती पाणवठ्यापर्यंत पोचली आहे हे ऐकले की आपल्याला बरे वाटते, मग कोणाला राग आला तरी चालेल. आता त्याचाच समकालीन पेइरे दाल्व्हेर्न्य याचे विडंबनगीत पाहावे. त्यात त्याने डझनभर कवींची एकेका कडव्यात रेवडी उडवली आहे. जिरौतच्या वाट्याला आलेले कडवे असे की हा उन्हात वाळलेल्या पखालीसारखा दिसतो आणि याचे बारीक, रडके गाणे म्हणजे पाण्याची बादली वाहणाऱ्या म्हातारीचे गाणे. दोन्ही पदांत पाणी भरणारी माणसे आहेत. एकाला त्यांच्या तोंडी आपले गाणे असणे भूषण वाटते, दुसऱ्याला ती शिवी वाटते. यांतले आधी कोणते आणि कोणी कोणाला टोला हाणला, हा वाद बाजूला ठेवला तरी जिरौतच्या शाळेचे धोरण यातून स्पष्ट होते.

तेव्हा कल्पना अशी: 1180च्या सुमारास एक्सिदॉयच्या गढीखाली ही शाळा उघडली. तेथे कोण आले असते, त्यांनी काय शिकले असते, आणि ती किती काळ टिकली असती?

शंकेखोर

कल्पना रंजक आहे, पण पाया तपासून पाहावा लागेल. व्हिदा हा प्रकार कवींच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, बहुतांशी इटलीत, पदे सादर करण्यापूर्वी श्रोत्यांना प्रस्तावना म्हणून लिहिला गेला, आणि त्यांतील कित्येक तपशील कवींच्या पदांवरूनच रचलेले आहेत. जिरौतच्या टिपणातील शाळेचे वाक्य काही अभ्यासक ‘तो शिकवत असे’ असे वाचतात, तर काही ‘तो शिकत असे’ असे. शिवाय त्या शाळेत होती ती अक्षरविद्या, म्हणजे लॅटिन व्याकरण आणि वक्तृत्व. त्या काळच्या शाळा चर्चच्या किंवा मठांच्या होत्या, आणि त्यांत संगीत असलेच तर ते प्रार्थनागायनापुरते, किंवा गणिताची शाखा म्हणून स्वरांच्या गुणोत्तरांपुरते. प्रेमाची पदे शिकवण्यासाठी कोणी बिशप छप्पर देणार नव्हता.

दुसरी गोष्ट. त्रुबादूर रचतो आणि जोग्लार गातो, ही श्रमविभागणी जिरौतच्या बाबतीत तर व्हिदातच स्पष्ट आहे. मग आपण शाळा कोणाची कल्पितो आहोत, रचनाकारांची की गायकांची? दोहोंच्या गरजा एक नाहीत.

ग्रंथपाल

शंकेखोर यांचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण जोग्लारांना काय यायला हवे याच्या याद्या खरोखरच उपलब्ध आहेत. ‘एन्सेन्यामेन’ या उपदेशपर काव्यप्रकारात कातालोनियाचा सरदार गेराउ दे काब्रेरा आपल्या काब्रा नावाच्या जोग्लारला झापतो की तुला फिडल धड वाजवता येत नाही, गाता त्याहून वाईट येते, आणि अमुक कथा येत नाही, तमुक कथा येत नाही. मग त्या कथांची लांबलचक यादीच येते. त्याच नमुन्यावर पुढे जिरौत दे कालान्सोनने (हा आपला जिरौत नव्हे) फादेत नावाच्या जोग्लारला सुनावले आहे. त्याच्या अभ्यासक्रमात ढोल आणि झांजा, हार्प आणि इतर बरीच तंतुवाद्ये तर आहेतच, पण दोन सुऱ्यांवर सफरचंदे उडवून झेलणे, पक्ष्यांचे आवाज काढणे आणि चार कड्यांतून उडी मारणे हेही आहे. या याद्यांत थट्टा भरपूर आहे, तरीही जोग्लार होण्यासाठी बरेच काही शिकावे लागते ही समजूत त्यामागे आहे.

आता ‘असे कोणी छप्पर दिले नसते’ या विधानाबद्दल. चर्चने दिले नसते हे मान्य, पण राजांनी आणि नगरांनी पुढे दिलेच. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने 1254 मध्ये सालामांका विद्यापीठाला जी सनद दिली, तिच्यात संगीताच्या एका अध्यापकाची तरतूद असून त्याचे वेतन वर्षाला 50 माराव्हेदी ठरवले आहे. याच राजाच्या पदरी असलेल्या नार्बोनच्या गिरौत रिकिये या त्रुबादूराने 1274 मध्ये त्याला पद्यात अर्ज केला की रस्त्यावर माकडे नाचवणाऱ्यापासून दरबारात गाणाऱ्यापर्यंत सगळ्यांनाच जोग्लार म्हणतात, हे थांबवून प्रत्येकाला त्याच्या लायकीचे नाव ठरवून द्यावे. पुढल्या वर्षी राजाच्या नावाने, पण बहुधा रिकियेच्याच लेखणीतून आलेले पद्य उत्तर मिळाले: कसरती करणारे वेगळे, वाजवणारे आणि गाणारे जोग्लार वेगळे, रचणारे त्रुबादूर वेगळे, आणि त्यांतही जे ज्ञानपूर्वक रचतात ते रचनाशास्त्राचे ‘डॉक्टर’. पदवी आधी आली, विद्यापीठ नंतर, असा हा मामला आहे.

गायक-वादकांची ‘शाळा’ या नावाने प्रत्यक्ष भरणारी गोष्टही होती. 14व्या शतकात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात करमणुकीवर बंदी असल्यामुळे दरबारी वादक रिकामे असत. त्या आठवड्यांत ते फ्लांडर्समधल्या किंवा उत्तर फ्रान्समधल्या एखाद्या गावी जमत, एकमेकांकडून नवी गाणी उचलत, नवी वाद्ये विकत घेत, आणि त्यांचे मालक या प्रवासाचा खर्च देत, ज्याच्या नोंदी दरबारी हिशेबांत आहेत. जिरौतचा हिवाळा आणि हा उपवासकाळ यांमागचे गणित एकच आहे: रस्ते बंद असतील किंवा मागणी नसेल तेव्हा शिकायचे.

तानपुरा

मी गाण्याच्या बाजूने लिहिते. जिरौतची सुमारे 75 पदे आज उपलब्ध आहेत, पण चाली फक्त चारच पदांच्या टिकल्या. एकंदर त्रुबादूर काव्यातही चाली थोड्याच उरल्या आहेत. सुमारे अडीच हजार पदांपैकी साधारण दहाव्या हिश्श्यालाच स्वरलेखन लाभले आहे. त्या चारांतील सर्वांत प्रसिद्ध चाल ‘रेइस ग्लोरिओस’ या पहाटगीताची. मित्र आत प्रेयसीसोबत आहे आणि हा बाहेर रात्रभर पहारा देतो आहे. तो देवाला आळवतो, मित्राला हाका मारतो, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सांगतो की आता उजाडेलच.

ही चाल ज्या हस्तलिखितात आहे ते 1300च्या आसपासचे, म्हणजे जिरौतनंतर सुमारे 100 वर्षांनी लिहिलेले आहे. चालीची सुरुवातच षड्जावरून थेट पंचमावर झेप घेऊन होते. आपल्या कानाला स्वर काफी थाटाच्या जवळचे वाटतात. पहिल्या ओळीचीच चाल दुसऱ्या ओळीला पुन्हा येते, तिसऱ्या-चौथ्या ओळींत ती वेगळ्या वाटेने फिरते, आणि ध्रुवपदाची छोटी ओळ तिला परत षड्जावर आणून सोडते. कडवी बदलतात, चाल तीच राहते. एवढी सुबक बांधणी असल्यामुळे ही चाल एका बैठकीत पाठ होते, आणि एकदा झाली की डोक्यातून जात नाही.

अडचण पुढेच आहे. या लेखनात स्वर आहेत, पण लय नाही. आपल्याकडे भातखंडे किंवा पलुस्कर यांच्या स्वरलिपीत मात्रा, सम, खाली असे सगळे लिहिलेले असते. येथे चौकोनी खुणा सूर किती उंच ते सांगतात, तो किती वेळ धरायचा ते सांगत नाहीत. 20व्या शतकाच्या सुरुवातीला विद्वानांनी त्यावर ठरावीक लघु-गुरू साचे बसवले आणि त्या श्रेयावरून भांडणेही केली. नंतर शब्दोच्चाराच्या ओघाने मोकळे गावे हे मत पुढे आले. त्यामुळे एकच पहाटगीत एका ध्वनिमुद्रणात ठेक्यावर चालते, तर दुसऱ्यात आलापासारखे पसरते. माझ्या मते याचे कारण उघड आहे: लय लिहायची गरजच नव्हती, कारण ती तोंडी शिकवली जात होती. जिरौतसोबत फिरणारे ते दोन गायक पदे कोठून शिकले? त्याच्या तोंडून. तेव्हा शाळा होतीच, फक्त तिला इमारत नव्हती. शंकेखोर यांनी रचनाकार की गायक असे विचारले आहे. मला वाटते, तालमीत दोघेही समोरासमोर बसत असणार, कारण पाच-सहा कडव्यांना एकच चाल पुरवायची तर कोठल्या अक्षरावर सूर लांबेल हे रचणाऱ्यालाही गाऊनच ठरवावे लागते.

पायवाट

एक साधा प्रश्न. या शाळेत मुलींना प्रवेश मिळाला असता का?

ग्रंथपाल

त्या काळात स्त्री त्रुबादूर होत्या आणि वीसेक जणींची नावे ज्ञात आहेत. पण त्या बहुतेक सरदार घराण्यांतल्या होत्या. त्यांचे शिक्षण घरच्या दरबारात झाले असणार, गढीखालच्या शाळेत नव्हे. त्यांच्यापैकी फक्त एकीच्या एका पदाची चाल उरली आहे, ती दियाच्या काउंटेसच्या ‘आ शान्तार’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या तक्रारगीताची. जिरौतशी या विषयाचा थेट धागा म्हणजे आलामान्दा. त्याच्या एका संवादगीतात तो प्रेमातल्या पेचावर आलामान्दा नावाच्या मुलीचा सल्ला मागतो आणि ती कडव्यास कडवे देत त्याला चांगले फैलावर घेते. ही आलामान्दा खरी कवयित्री होती की जिरौतनेच दोन्ही बाजू लिहिल्या, यावर एकमत नाही. चाल मात्र शिल्लक आहे, आणि ती त्या काळी इतकी माहीत होती की बेर्त्रान दे बोर्न या त्रुबादूराने इंग्लंडच्या युवराज हेन्रीला टोमणे मारणारे राजकीय पद रचताना ते आलामान्दाच्या चालीवर आहे असे त्या पदातच सांगून टाकले.

शंकेखोर

तानपुरा यांचे म्हणणे पटते. तोंडी परंपरेला शाळा म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. पण मग संस्थापकाचा मान फक्त जिरौतला का? धागालेखकांनी त्याची भूमिका मांडली, तेव्हा विरुद्ध पक्षही नोंदवायला हवा. ओरांजचा सरदार राइम्बाउत, ज्याला जिरौत ‘लिन्याउरे’ या टोपणनावाने संबोधतो, त्याच्याशी जिरौतचा याच विषयावर पद्यात वाद झालेला आहे. राइम्बाउतचे म्हणणे असे की गाणे सगळ्यांना सारखेच कळू लागले तर चांगल्या-वाईटाचा भेदच उरणार नाही. जे मुबलक ते मोलाचे नसते, मिठापेक्षा सोन्याला किंमत जास्त असते ती म्हणूनच. जिरौतचे उत्तर असे की जे सहज आणि सर्वांचे, ते अधिक आवडते आणि अधिक पसरते. राइम्बाउत 1173 मध्ये वारला आणि त्याच्यावर शोकगीत रचले ते जिरौतने, त्यामुळे हा वाद मित्रांमधला होता हे खरे. पण शाळा या गोष्टीचा विचार केला तर राइम्बाउतची बाजू अधिक टिकाऊ ठरते. गूढ, अवघड यमकांची रचना शिकवण्यासाठीच शिक्षक लागतो. जे पाणवठ्यावर आपोआप पोचते, त्याला फी भरून कोण शिकेल?

आणि हेही विसरू नये की जिरौतने स्वतः अवघड पदेही बरीच रचली आहेत. पुढे इटालियन महाकवी दान्तेने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’तील ‘शुद्धिलोका’च्या 26व्या सर्गात त्रुबादूर आर्नाउत दानिएलला श्रेष्ठ ठरवताना, लिमूझँचा तो कवी (म्हणजे जिरौत) वरचढ आहे असे मूर्खच समजतात, असे एका पात्राच्या तोंडून म्हणवून घेतले. आर्नाउत हा अवघड रचनेचा मेरुमणी. परीक्षकांचा कल कोणीकडे गेला, हे त्यावरून दिसते.

अनवट

दान्तेचे मत एकेरी नाही. लॅटिनमध्ये लिहिलेल्या भाषाविषयक ग्रंथात त्यानेच जिरौतला सदाचरणाचा कवी म्हणून मान दिला आहे, जसा शौर्यासाठी बेर्त्रानला आणि प्रेमासाठी आर्नाउतला. पण मुख्य मुद्द्याकडे येतो.

सोपे गाणे शिकवावे लागत नाही, हे मला मान्य नाही. ज्या पदात जिरौत पाणवठ्याची गोष्ट सांगतो, त्याच्या आरंभीच त्याने कबूल केले आहे की हलकेफुलके रचायचे ठरवले आहे, पण सुरुवात कशी करावी तेच कळत नाही. एकच चाल पाच-सहा कडवी पेलेल, पहिल्या ऐकण्यात मनात बसेल आणि पाचव्या कडव्यात कंटाळा आणणार नाही, अशी बांधणे हे कसबच आहे. ग्रंथपाल यांनी दिलेले आलामान्दाचे उदाहरण तर मला अभ्यासक्रमाचा पहिला धडाच वाटते: दुसऱ्याची चाल घ्या आणि तिच्यावर स्वतःचे शब्द बसवा. बेर्त्रानने ते राजकारणासाठी केले. तानपुरा यांनी वर्णिलेल्या पहाटगीताचेही तसेच झाले. 14व्या शतकातील संत आग्नेसवरील धार्मिक नाटकात त्याच चालीवर विलापगीत आहे आणि चाल कोणत्या पदाची ते संहितेत नोंदवलेले आहे. प्रियकराला उठवणारी चाल हुतात्मा संतिणीच्या नाटकात चालली, म्हणजे ती किती पक्की बांधलेली होती पाहा.

दुसरा धडा पाठांतराचा. एका ‘रझो’त, म्हणजे पदामागची हकिगत सांगणाऱ्या टिपणात, लिमोझचा व्हायकाउंट गी याने जिरौतचे घर लुटवले आणि त्याची पुस्तके व सारे सामान नेले असे म्हटले आहे. हकिगत पूर्ण विश्वासार्ह नसेलही, परंतु त्रुबादूराच्या घरी नेण्याजोगी पुस्तके असू शकतात हे 13व्या शतकातील लेखकाला स्वाभाविक वाटले, हे महत्त्वाचे. मात्र पुस्तके गेली तरी गाणी गेली नाहीत, कारण ती त्या दोन गायकांना येत होती.

तुलूझमधल्या संस्थेबद्दल अद्याप कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते.

ग्रंथपाल

तिच्यावर येतोच. तुलूझमध्ये 1323 मध्ये सात नागरिकांनी मंडळ स्थापून कवींना आमंत्रणपत्र धाडले, आणि 1324च्या मे महिन्याच्या आरंभी पहिली स्पर्धा झाली. कास्तेलनोदारीच्या आर्नाउत व्हिदालला सोन्याचे व्हायोलेट फूल मिळाले, कुमारी मेरीवरील पदासाठी. पुढे या मंडळाने गिलेम मोलिनिएकडून नियमांचा मोठा ग्रंथ लिहून घेतला आणि परीक्षा घेऊन पदव्या देऊ केल्या. बार्सिलोनात 1393 मध्ये त्याच धर्तीची संस्था निघाली. तुलूझची संस्था 1694 मध्ये चौदाव्या लुईच्या सनदेने अकादमी झाली आणि आजही आहे. म्हणजे त्रुबादूरांच्या नावाची शाळा कल्पावी लागत नाही. ती झाली, पण जिरौतनंतर सव्वाशे वर्षांनी, आणि व्याकरण, यमके, चुकांचे वर्गीकरण यांतच रमली. संगीत तिने अगदीच टाकले असे मात्र नाही. कोणत्या काव्यप्रकाराला संथ चाल हवी, नृत्यगीताला आनंदी हवी, अशा सूचना त्या ग्रंथात आहेत. पण त्या सूचनाच आहेत, सूर कोठेच नाहीत.

तानपुरा

म्हणजे परीक्षा कागदावरची. स्पर्धकाने गाऊन दाखवले नाही तरी फूल मिळत असेल, तर ती मला गानशाळा वाटत नाही.

शंकेखोर

मूळ प्रश्नातील शेवटचा भाग राहिला: एक्सिदॉयची शाळा किती टिकली असती? 1209 मध्ये दक्षिण फ्रान्समधील, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथाविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झाले आणि 1229च्या तहापर्यंत चालले. ज्या दरबारांच्या जिवावर उन्हाळी दौरे चालत, त्यांतील पुष्कळ दरबार मोडले. तहाच्या अटींतूनच तुलूझला जे विद्यापीठ आले, त्याचे काम धर्मशास्त्र शिकवून पाखंड निपटण्याचे होते. आपल्या शाळेला दोन पिढ्यांहून अधिक आयुष्य देणे मला कठीण वाटते.

अनवट

त्या जागी नसेल, पण ती हलली असती. त्रुबादूर इटलीत, कातालोनियात, कास्तीलमध्ये गेले आणि पाठ्यपुस्तके तेथेच जन्मली. कातालोनियाच्या राइमोन व्हिदालने 13व्या शतकाच्या सुरुवातीला रचनेचे नियम लिहिले. उक फाइदित याने 1240च्या सुमारास ऑक्सितान व्याकरण लिहिले ते दोन इटालियन सद्गृहस्थांच्या विनंतीवरून. घरच्या मुलांना व्याकरण लागत नव्हते, परक्यांना लागत होते.

मला या शाळेचा दुसरा मुख्याध्यापक म्हणून उक दे सान सीर्क सुचवावासा वाटतो. तो इटलीत त्रेव्हिझोच्या रोमानो घराण्याकडे राहिला, आणि बऱ्याच व्हिदा त्याच्याच लेखणीतल्या मानल्या जातात. त्याच्या स्वतःच्या व्हिदात लिहिले आहे की भावांनी त्याला धर्मगुरू करायचे ठरवून मोंपेलियेला शाळेत घातले, आणि ते समजत होते की हा लॅटिन शिकतो आहे, तेव्हा तो तेथे प्रेमगीते, टीकागीते आणि वादगीते पाठ करत होता, शिवाय मोठ्या लोकांच्या गोष्टी गोळा करत होता. अक्षरविद्येच्या शाळेत गाणे शिरते ते कसे, याचे शंकेखोर यांना हवे असलेले उदाहरण हेच आहे.

तानपुरा यांनी सवड मिळेल तेव्हा जिरौतच्या उरलेल्या तीन चालींवरही लिहावे, विशेषतः आलामान्दाच्या. बेर्त्रानचे शब्द तिच्यावर बसवून कोणी गायले असेल तर तेही कळवावे.